रविवारच्या ट्रेचा वास

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गेली सहा वर्षं कसलाच वास येत नाही. फुलांचा नाही, फिनेलचा नाही, दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं तरी नाही. येतो तो एकच, आणि तोही फक्त रविवारी सकाळी, आरोग्यगृहाच्या स्वयंपाकघरात सॉसेजचं पाकीट फोडलं की. सडक्या मांसाचा. पाकीट आदल्या दिवशीच आलेलं असतं. मी नाक घालून बघते तर मिरीचा आणि धुराचा खमंग वास असतो. त्यांना मात्र सडकाच येतो आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो. तो का येतो ते मला माहीत होतं, आणि चार वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं.

आम्ही दोघी दोन सख्ख्या भावांच्या बायका. त्यांना मी ताई म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. स्वभावाने त्या शांत आणि मी भांडकुदळ; हे घरात सगळे मान्य करतात, मीसुद्धा. पण शांत माणसाचा हट्ट काय चीज असते ते त्यांच्याबरोबर राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी दहा मिनिटं आरडाओरडा करून मोकळी होते. त्या महिनाभर मनात धरतात, आणि वर विचारलं की म्हणतात, "मी कुठे काय म्हटलं?"

ताई बेकरीवाल्याची मुलगी. वडील त्यांना भट्टीसमोर स्टुलावर उभं करून विचारायचे, "झाला का गं पाव?" या नुसत्या वासावरून सांगायच्या, "अजून दोन मिनिटं." कधी चुकल्या नाहीत म्हणे. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी, खोलीत पाहुणे भरलेले असताना, त्यांनी सासूबाईंच्या कानात सांगितलं की कपाटामागे उंदीर मेलाय. सासूबाईंना झोंबलं. कपाट सरकवलं तर खरंच उंदीर निघाला, तेव्हा तर फारच झोंबलं. मी या घरात आले तोवर ताईंच्या नाकाचा दरारा बसलेला होता. माझे यजमान चोरून सिगारेट ओढून आले की जिन्यातूनच तोंड चुकवायचे, आईला नाही, वहिनीला. मी खालच्या मजल्यावर काही फोडणीला टाकलं की वरून आवाज यायचा, "धाकटे, कांदा लागला बघ!" मी मनात म्हणायची, आल्या नाकाने कांदे सोलायला. आणि खाली बघितलं तर कांदा लागलेला असायचा.

थोरले दीर लिफ्ट दुरुस्त करायचे. ते अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. ताईंनी तीन महिने खिडकीत बसून काढले आणि मग एक दिवस उठून आरोग्यगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. मोठ्या इस्पितळातून सोडलेले, पण अजून घरी जाण्याइतके धड न झालेले लोक तिथे दोनतीन आठवडे राहतात. बावीस खाटा. वर्षभराने त्यांनी मलाही तिथे ओढलं. म्हणाल्या, "घरात माझ्याशी भांडतेसच. तिथे येऊन भांड, निदान हाताला काम लागेल."

रविवारचा नाश्ता ही ताईंची खास गोष्ट. तिथल्या आहारवाल्या बाईंनी एका कागदावर कृती लिहून दिली होती, वर नाव लिहिलं होतं फ्रिटाटा. ते नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला रविवारचा ट्रे म्हणायला लागले. सॉसेजच्या चकत्या आधी पॅनमध्ये परतायच्या. त्याच तेलात कांदा, ढोबळी मिरची आणि उकडलेले बटाटे. शेवटी पालक, नुसता वाफेवर मान टाकेपर्यंत. हे सगळं तूप लावलेल्या मोठ्या ट्रेमध्ये पसरायचं, त्यावर दूध घालून फेटलेली चाळीस अंडी ओतायची, वरून किसलेलं चीज, आणि ट्रे ओव्हनमध्ये. ताई प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायच्या आणि मगच मोठ्या पातेल्यात सोडायच्या, म्हणजे एखादं खराब निघालं तर बाकीची वाचावीत. चाळीस वेळा वाटी. मी वैतागायची. "एखादं तरी खराब निघालंय का आजवर?" त्या म्हणायच्या, "निघालं तर तू खाशील का?"

ट्रे बाहेर आला की तो वर फुगलेला आणि कडेने सोनेरी असायचा. दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग त्याचे पंचवीस तुकडे. आठवडाभर पेज आणि उकडलेल्या भाज्या खाऊन कंटाळलेले पेशंट रविवारी केस विंचरून खाली यायचे.

मग ताईंना तो ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होत्या. कामावर परत आल्यावर आठवड्याने त्यांनी मला कोठीत एकटीला गाठलं आणि दोन वाट्या पुढे धरल्या.

"यातलं पाणी कुठलं?"

एकीत व्हिनेगर होतं, लांबूनच कळत होतं. मी म्हटलं, "ताई, सकाळी सकाळी थट्टा करताय का?"

"मला कळत नाहीये गं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले येईल परत, नाही तर नाहीही येणार. आला नाही. हे त्यांनी मला सोडून कुणालाही सांगितलं नाही. वास न येणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात कोण ठेवील? त्या रडल्या नाहीत. कानाने आणि बोटांनी सगळं पुन्हा शिकल्या. सॉसेज तेलात पडले की आधी चुरचुरतात, मग तडतडतात, आणि आतलं पाणी संपलं की आवाज बारीक होतो. त्या बारीक आवाजावर त्या पॅन उतरवायच्या. मीठ मापाने. ट्रे झाला की नाही ते हलवून, मधोमध जेमतेम थरथर उरली की बंद. एक गोष्ट तेवढी कानाने कळत नव्हती, ती म्हणजे पदार्थ ताजा आहे की नासलाय. "ते तू बघ," त्या मला म्हणाल्या. दूध, मांस, मासे, शिळं वरण, सगळं माझ्या नाकाखालून जायला लागलं. दोन वर्षं आमचं छान चाललं. मला उगाच भाव आल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आमचं वाजलं.

सांगायलाही लाज वाटते. गच्चीवर दोन दोऱ्या, एक ऊन येणारी आणि एक न येणारी. मी उन्हाच्या दोरीवर घातलेल्या चादरी ताईंनी काढून सावलीच्या दोरीवर टाकल्या. मी बोलले. नको तितकं बोलले. "एकट्या जिवाला किती ऊन लागतं हो?" असं म्हणाले. जीभ हातभर लांब आहे माझी, सुटली की सुटली. ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

आमच्या घरात अबोला काही नवा नव्हता. सासूबाई आणि त्यांच्या नणंदेने तो सात वर्षं पाळला होता. त्याचे नियम सगळ्यांना पाठ. समोरच्या माणसाशी बोलायचं नाही, पण काम तर अडता कामा नये, म्हणून भिंतीशी, भांड्याशी, मांजराशी बोलायचं. स्वयंपाकघरात ताई ओव्हनशी बोलायच्या. "कांदा बारीक चिरला असता तर बरं झालं असतं." मी नळाशी बोलायची. "हात दोनच आहेत म्हणावं." मेट्रनबाई येऊन एकदा थक्क होऊन ऐकत उभ्या राहिल्या. आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. पहिली कोण बोलते, एवढाच प्रश्न होता. आणि पहिली बोलेल ती हरली.

अबोल्याचा अकरावा दिवस रविवारचा होता. शनिवारी दुपारपासून वीज गेली होती आणि फ्रिज तसाच बंद पडून होता. रात्री कधीतरी वीज आली. सकाळी फ्रिज गार होता, पण सॉसेजचं पाकीट मधले कितीतरी तास कसं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. ताईंनी पाकीट फोडलं, हातात धरलं आणि ओव्हनला म्हणाल्या, "कुणी वास घेऊन सांगितलं तर तेलात टाकते."

मी खिडकीखाली मोरीत पालक धूत होते. पाठ त्यांच्याकडे. चादरी सलग तीन दिवस ओल्या राहिल्या होत्या आणि त्यावर काय बोलायचं त्याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. वळले नाही. खिडकीला म्हटलं, "चांगलेच आहेत म्हणावं. त्यांना काय होतंय?"

मागे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग सॉसेज तेलात चुरचुरले.

तेव्हा आरोग्यगृहात एक नकाशेवाले काका होते. जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन अठरा दिवस झाले होते, दोन दिवसांनी मुलगी न्यायला येणार होती. गमत्या माणूस. आहाराच्या तक्त्यामागे त्यांनी आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला होता, त्यात मी आणि ताई दोन टोकांना, आणि मध्ये लिहिलं होतं, "सीमावाद". त्यांना ट्रेचा कोपराच लागायचा, कडक कडेचा. दारातून सांगायचे, "कोपरा ठेवा हं बाई!" त्या रविवारी त्यांनी कोपरा खाल्ला आणि शेजारच्याने नको म्हटलेला तुकडाही खाल्ला.

दुपारी त्यांना घाम फुटला. ओकले. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, इस्पितळाची गाडी बोलावली. गाडी दारात यायच्या आत काका गेले.

डॉक्टर म्हणाले हृदय. अशा माणसाला घाम येणं, ओकणं, सगळं हृदयाचंच. आणखी दोघांची पोटं बिघडली होती, पण त्यांतल्या एकाचं दर रविवारी बिघडायचं. सकाळी काय खाल्लं ते कुणी विचारलंच नाही. ट्रे मी घासला. एरवी मी तो रात्रभर भिजत टाकते. त्या दिवशी काथ्याने घासघासून, उकळतं पाणी ओतून, दुपारीच उन्हात पालथा घातला.

संध्याकाळी ताई कोठीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, काका गेले." तेव्हा आमचा अबोला संपला. कोण हरलं ते कुणीच मोजलं नाही.

पुढच्या रविवारी पाकीट फोडल्याबरोबर ताई दोन पावलं मागे सरकल्या. "वास येतोय." मला आधी आनंदच झाला, नाक परत आलं म्हणून. "कसला?" त्यांनी सांगितलं. मी पाकिटात नाक खुपसून, या वेळी नीट, छाती भरून वास घेतला. सॉसेज उत्तम होते. तसं सांगितलं. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी ते पॅनमध्ये टाकले.

तेव्हापासून हे सुरू झालं. दर रविवारी तो वास. त्यांनी एक नियम करून घेतला. ट्रे बाहेर आला की कोपरा कापायचा, स्वतः खायचा, आणि घड्याळासमोर स्टुलावर अर्धा तास बसायचं. काही झालं नाही तरच बाकीचा ट्रे बाहेर. नाश्ता साडेसातचा आठवर गेला. पेशंट चेष्टा करायचे, स्वयंपाकीणबाईंना आधी भूक लागते म्हणून. ताई हसायच्या. स्टुलावर बसलेल्या असताना मात्र त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले असायचे.

मीही काही मजेत नव्हते. घरी दूध तीनदा हुंगायला लागले. नातीचा डबा हुंगायचा, यजमानांची भाजी हुंगायची. ते म्हणायचे, "वहिनींचं नाक तुला लागलं की काय?" पाणी सोडून पालक धुवायला घेतला की पाठीमागे कुणीतरी काहीतरी पुढे धरून उभं आहे असं वाटायचं. मी गर्रकन वळायची. मागे कुणी नसायचं. जेवणघरातून एखादा नवा पेशंट म्हणायचा, "मला कडेचा तुकडा चालेल," आणि माझ्या हातातला डाव खाली पडायचा.

एकदा, दुसऱ्या वर्षी, ताई मला म्हणाल्या होत्या, "माझ्या हातून माणूस गेला गं." मी म्हटलं, "हृदयाने गेले ते. डॉक्टर सांगतात ते खोटं का?" तिथेच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी लगेच बटाटे सोलायला घेतले.

यंदा वास वाढला. दोन महिन्यांत त्यांनी तीन अख्खे ट्रे कचऱ्यात ओतले. दोनदा मी लेकीकडे गेले होते. तिसऱ्यांदा मी तिथेच होते, कळवळून सांगत होते, "ताई, चांगले आहेत हो!" त्यांनी माझं ऐकलं नाही. बावीस माणसांनी पाव आणि चहावर भागवलं. मेट्रनबाई वाईट नाहीत. त्यांनी ताईंना खोलीत बोलावलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "आणखी एक ट्रे टाकलात तर तुम्ही घरी बसा, बाई. खूप वर्षं केलंत." घरी म्हणजे त्या वरच्या खोलीत, त्या खिडकीत. दीर गेल्यावरचे ते तीन महिने मी पाहिले होते. त्यातून ताई एकदा उठल्या. पुन्हा उठल्या नसत्या.

शनिवारभर मी डोकं खाजवत होते. मला वाटत होतं, की ताई सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसल्यात म्हणून त्यांना तो वास येतो. नासलेलं हातात धरूनही मला कळलं नाही, असं त्यांना वाटत असणार. मी खरं सांगितलं, की तुम्ही विचारलं होतं आणि मीच खोटं बोलले, तर वास जाईल. पण दुसरीकडून बघावं तर सगळंच अवघड. उद्या सकाळी त्यांनी ट्रे टाकू नये म्हणून त्यांचा विश्वास माझ्या नाकावरच बसायला हवा. आणि मी तर त्यांना सांगणार, की माझ्या नाकावर विश्वास ठेवलात तेव्हाच माणूस गेला. गप्प राहावं तर ताई आतून खंगतात. बोलावं तर ट्रे कचऱ्यात आणि ताई खिडकीत. माझ्यासारख्या बडबड्या बाईला देवाने हीच एक गोष्ट गिळायला दिली होती.

रविवारी साडेपाचला आम्ही दिवे लावले. कांदा चिरला, मिरच्या चिरल्या, बटाटे सोलले. ताईंनी अंडी घेतली, वाटीत एक, पातेल्यात एक. मी पाकीट काढून आणलं आणि कात्रीने फोडलं. लगेच त्यांचे खांदे आखडले.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी वास घेतला. चांगले होते. पण मला ते बोलवेना.

"काय गं? नासलेत?"

"ताई, त्या दिवशी मी वास घेतलाच नव्हता." एका दमात बोलून टाकलं, नाही तर राहिलं असतं. "काका गेले त्या दिवशी. तुम्ही विचारलंत, आणि मी न बघताच चांगले आहेत म्हटलं. तुमची काही चूक नव्हती. माझी होती. मी खोटं बोलले."

ताईंनी हातातलं अंडं वाटीत फोडलं, बघितलं, पातेल्यात सोडलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय माहीत आहे?"

"तू खिडकीशी बोललीस. पाकीट माझ्या हातात होतं, तुझ्या पाठीमागे, दोन पावलांवर. माझं नाक गेलं होतं, डोळे गेले नव्हते."

"मग तेलात टाकलेत कशाला?" मी ओरडले. इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावर कुणाची तरी खाट करकरली. "तुम्हाला माहीत होतं तर टाकलेत कशाला, ताई?"

त्यांनी अंडी बाजूला सारली आणि हात पुसले.

"परत विचारायचं तर तुला हाक मारावी लागली असती. अकरा दिवस मी हाक मारली नव्हती. तू मला एकट्या जिवाला म्हणालीस ते डोक्यात होतं. म्हटलं, मी का पहिली बोलू? मी थोरली ना. उभी राहिले तिथे पाकीट घेऊन. ही वळेल, आता वळेल. नाही वळलीस. मग म्हटलं, जाऊ दे, हिने सांगितलंय, हिच्या डोक्यावर. आणि टाकले."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठीच गं."

मी त्यांच्या त्या घड्याळासमोरच्या स्टुलावर बसले. खिडकीबाहेर उजाडायला लागलं होतं. चार वर्षं मी या बाईला वाचवायचा विचार करत होते आणि तिला सगळं माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"मग मला कधी का नाही बोललात? मला शिव्या घालायच्या होत्यात."

"तुला बोलले असते तर माझंही सांगावं लागलं असतं," ताई म्हणाल्या. "दर रविवारी वाटायचं, आज धाकटी बोलणार. तू बोलत नव्हतीस, आणि मला बरं वाटायचं. असली मी."

"आपल्यामुळेच गेले का हो काका?"

"ते आता कुणाला कळणार? मांस बरं असेलही. हृदयानेच गेले असतील. नसतीलही. तो ट्रे तू घासून टाकलास."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. तरी मला ते लागायचं तिथे लागलं.

"आता येतोय वास?" मी विचारलं. खुळी आशा, दुसरं काय. दोघींनी सांगून टाकलं, आता तरी जाईल.

"येतोय," त्या म्हणाल्या. "रोजच्यापेक्षा जास्त येतोय." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या तोंडाने श्वास घेत होत्या. मला कळलं, की हा वास जाणार नाही. तो त्यांच्याबरोबर राहणार आहे, माझ्या पाठीमागे उभं राहणारं माणूस माझ्याबरोबर राहील तसाच.

घड्याळात सव्वासहा झाले होते. ट्रे करायचा तर आता, नाही तर नाही. ताईंनी पाकीट उचललं. मला वाटलं, आता कचऱ्याच्या डब्याकडे जातील. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाकीट माझ्या नाकासमोर धरलं, अगदी जवळ.

"धाकटे, नीट वास घे. आणि माझ्याकडे बघून सांग."

मी घेतला. डोळे मिटून घेतला, उघडून घेतला. एक सॉसेज मोडून त्याच्या आतला घेतला. मिरी, धूर, थोडा लसूण. त्याच्यामागे काही आहे का? क्षणभर मला वाटलं आहे. चार वर्षांची भीती नाकात जाऊन बसली होती, ती कशी निघावी? मी पुन्हा घेतला. काही नव्हतं. मी उठले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "ताजे आहेत, ताई."

त्यांच्या नाकात सडका वास भरलेला होता. उलट बाजूला होता फक्त माझा शब्द, आणि तो एकदा खोटा निघालेला त्यांना माहीत होता. मी मनात म्हटलं, टाका कचऱ्यात, मी काही म्हणणार नाही, मेट्रनबाईंच्या पायाही पडेन.

ताई वळल्या आणि त्यांनी चकत्या कापून पॅनमध्ये सोडल्या. पहिली वाफ वर आली तशी त्यांना कोरडी ओकारी आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी कालथा घ्यायला गेले तर त्यांनी दिला नाही. एका हाताने तोंड दाबून धरलं आणि दुसऱ्याने परतत राहिल्या. आवाज बारीक झाल्यावरच त्यांनी पॅन उतरवला.

त्या दिवशी ट्रे साडेसातला बाहेर गेला. आधी कोपरा खाणं नाही, स्टूल नाही. बावीस जण खायला बसले. एका आजीबाईंनी दोन तुकडे घेतले तेव्हा ताईंनी माझा हात धरला, तो सोडला नाही. दुपारची जेवणं झाली, आमची सुट्टी झाली, तरी आम्ही घरी गेलो नाही. जेवणघराच्या दाराशी बाकावर बसून राहिलो. कुणी उठून न्हाणीघराकडे गेलं की दोघींचे जीव त्याच्या मागे जायचे, आणि तो परत येऊन बसेपर्यंत आम्ही बोलत नव्हतो. मेट्रनबाईंनी विचारलं, "काय हो, घर नाही का?" ताई म्हणाल्या, "बसतो जरा."

कुणाला काही झालं नाही. ऊन उतरलं, पेशंट एकेक करून खोल्यांत गेले, चहाचे कप परत आले. मी मोजले, बावीस.

ताई अजून समोर बघत होत्या. "एवढंच होतं गं," त्या म्हणाल्या. "धाकटे म्हणायचं आणि पाकीट पुढे धरायचं. दोन पावलं सुद्धा लागली नाहीत."